सदर स्टार पडल्यास

१२ डिसेंबर
गावात जबाबदारीची जाणीव कुणालाच उरलेली नाही. समोरच्यांनी नाताळसाठी बाजारातून प्लास्टिकचा स्टार आणला. खोका उघडला, टांगला, झालं. शी! आमचा स्टार बांबूचा, पतंगी कागदाचा, पाच फुटी, मी स्वतः केलेला. माडावर लागला की संध्याकाळी तोंडवलीला परतणाऱ्या होड्यांना दिसतो. यंदाही लागणार.

१३ डिसेंबर
व्हॉट्सॲपवर वाचलं. सणाची सजावट करताना आपल्या आवारात कोणी जखमी झालं तर मालक जबाबदार. अंगावर काटा आला. शेजारचा काशीराम दरवर्षी माडावर चढून आमचा स्टार बांधतो. म्हणजे चाळीस वर्षं मी जेलच्या दारात उभा होतो आणि मला कोणी सांगितलं नाही.
आता चालणार नाही. कसालला तीस वर्षं स्टॅम्पपेपर विकलेत मी. अख्खा कायदा या हातांतून गेलाय.

१४ डिसेंबर, दुपारी
हमीपत्र तयार. सव्वादोन पानं. धोका आधी कळवला की मालक मोकळा, म्हणून सगळे धोके घातले. कलम चार विशेष जमलंय : 'सदर सुतळी गेल्या वर्षीची व उंदरांनी कुरतडलेली असून मालकास याची पूर्ण कल्पना आहे व ती त्याने चढणाऱ्यास दिली आहे.'
पिएदादला वाचून दाखवलं. म्हणाली, मग नवी सुतळी आण ना. चौतीस वर्षं संसार केला, पण हिला ड्राफ्टिंग कळलं नाही.

१५ डिसेंबर
काशीरामने सही केली नाही. म्हणे, 'ल्हानपणापासून तुझ्या माडार चढतंय, तेव्हा खंय होतो तुझो कागद?' कागद तिथेच पायरीवर टाकून निघाला. मी मागून धावत जाऊन त्याच्या खिशात कोंबला. अडाणी माणसाचं भलं करायला जाऊ नये, चीड येते.
मीच बांधणार. माड नको. स्लॅबवरून काठी बाहेर काढायची, तिला स्टार. चाळीस वर्षं या साध्या कामाचं त्याने उगाच प्रस्थ माजवलं होतं.

१७ डिसेंबर, सकाळी ९
स्टार बांधला. दोन गाठी. उत्तम.

१७ डिसेंबर, ११.३०
स्टार पडला. काशीरामच्या बायकोच्या हातावर.
मी स्लॅबवर काठी सरळ करत होतो, यमुनाबाई खाली येऊन उभी राहिली होती. कुणी बोलावलं होतं? हातात माझा कागद. ओरडून म्हणाली, 'ह्यो घे तुझो कागद, सही केल्यान. तू खाली उतर, पडशीत!' मी कागद बघायला वाकलो, काठीला धक्का लागला, सुतळी तुटली. तिचं उजवं मनगट मोडलं. कागदावर काशीरामची सही आहे. साक्षीदारांची जागा मात्र रिकामी.

१८ डिसेंबर
सहा आठवडे प्लास्टर. डिसेंबरात, पर्यटक आलेले असताना, ती मासळी विकायला बसणार नाही. वाईट वाटतं. पण वाईट वाटणं वेगळं, जबाबदारी वेगळी. (१) परवानगीशिवाय प्रवेश. (२) वर न बघणे. (३) वारा, म्हणजे दैवी आपत्ती. त्यात स्टार नाताळचा, म्हणजे जास्तच दैवी.
पिएदाद पेज घेऊन त्यांच्याकडे गेली. मी नाही. भेटायला जाणं म्हणजे कबुली.

२० डिसेंबर
भाचा मेल्रॉय कुडाळला वकिली करतो. त्याला हमीपत्र पाठवलं. फोनवर बराच वेळ हसला. म्हणे, अंकल, सुतळी कुरतडलेली हे तुम्हांला माहीत होतं, असं तुम्हीच लिहून ठेवलंय. आणि सही काशीरामची आहे, यमुनाबाईची नाही. शेवटी म्हणाला, आधी तिला बघून तरी या. हल्लीचे वकील! सल्ला विचारला की संस्कार शिकवतात.

२२ डिसेंबर
पोलीस आले नाहीत. नोटीस नाही. काशीराम कुंपणाशी दिसला, मान फिरवून गेला. हा कसला डाव?
पिएदाद म्हणाली, 'तुका लाज कशी वाटणा नाय?' मग नाताळच्या गोड नेवऱ्या तळायला बसली. मला एकही दिली नाही.

२४ डिसेंबर
चर्चमध्ये कबुलीजबाबाला बसलो. 'फादर, एक स्टार पडला,' म्हणालो. त्यांनी विचारलं, कोणी बांधला होता? वकिलाशिवाय उत्तर देणं योग्य वाटलं नाही. उठून आलो. रांगेतल्या सगळ्यांनी बघितलं.

२५ डिसेंबर
पिएदादने नेवऱ्या-दोदोलची, सणाच्या गोडाची बशी हातात दिली आणि दार लावून घेतलं. जावं लागलं.
यमुनाबाई घरासमोरच्या खळ्यात बसली होती. काशीराम तिची वेणी घालत होता. जाळं विणणारा माणूस, पण बायकोचे केस त्याला आवरत नव्हते. पेड सुटायचा, पुन्हा घालायचा. ती कुरकुर करत होती.
हमीपत्र, कलमं, वारा, सगळं विसरलो. मला माझीच किळस आली. म्हणालो, यमुनाबाई, चूक माझी. सुतळी कुजकी होती, मला ठाऊक होतं. मेल्रॉयला सांगून तसं लिहून देतो, सहीनिशी.
ती दचकली. 'गप रव! डाक्टराक सांगलंय, बांयकडे पाणी काढताना घसरलंय म्हणान. आता तू खरा सांगलंस तर मी खोटी पडतलंय. सणादिसा माका खोटी पाडतंस?'
कधी सांगितलं, विचारलं. म्हणाली, त्याच दिवशी. तुझी वाट कोण बघतलो?
काशीराम केसांकडे वळला. वेणी पुन्हा सुटली होती.
बशी ठेवून परत आलो. कायद्याने मी पूर्ण निर्दोष आहे. पिएदादला सांगितलं. ती म्हणाली, हो, आणि मीठ टाकून मासे धुवायला घेतले.