आबाजीच्या नावाचे बैल

प्रिय आबाजी,

तुमच्या नातीचा, सुमीचा दंडवत.

मेलेल्या माणसाले पत्र लिहिते म्हणजे पोरीचं डोकं फिरलं, असं लोक म्हणतील. म्हणू द्या! आज मी तुमच्या नावानं खोटं बोलली, अन् पकडली गेली. तुमाले नाई सांगणार तं कोणाले सांगू? घरात दुसरं आहेच कोण?

पहिल्यापासून सांगते. तुम्ही गेले तेव्हा तान्हा पोळा आठ दिवसांवर होता. पोरांसाठी तुम्ही केलेले लाकडी बैल पडवीत तयार होते, रंग तेवढा मी द्यायचा होता. ते हातोहात गेले. मंग पाटीलबाई आल्या. "आबाजीचा एखादा उरला का व, सुमे?" मी म्हटलं, आहे. आबाजी, नव्हता! घरात गेली, दार लावलं अन् लाकूड तासायचा तुमचा वाकस हातात घेतला. पहिला बैल बकरीसारखा झाला. दुसरा जमला. तोच दिला अन् म्हटलं, "आबाजीनं करून ठेवलता."

काऊन म्हटलं? भीती, दुसरं काय! पोरं बैलाची पूजा करतात, मंग घरोघरी मिरवत बोजारा मागतात, खाऊ-पैसे घेतात. नवऱ्याच्या घरून परत आलेल्या बाईनं घडवलेला बैल कोण देवापुढं ठेवील?

त्याले आज तिसरा पोळा. मेलेला माणूस तीन वर्षं बैल करून राह्यला, अन् एकानं विचारलं नाई की म्हाताऱ्यानं एवढे केले तरी कधी! आपलं गाव तेव्हा मध्य प्रदेशात होतं, आता मुंबई राज्यात आलं म्हणतात. राज्य बदललं, पण आबाजीचे बैल काई सरत नाईत. समुद्रपूरचे लोक येतात, माझ्या बैलाच्या पाठीवर हात फिरवतात अन् म्हणतात, "असा हात पुन्हा होणे नाई!" मी मान हलवते. आतून नुसती आग होते.

तुमचाही राग येते मले. डोक्यापासून नाई, वशिंडापासून सुरुवात करा लागते, वशिंड साधलं की बैल आपोआप उभा राह्यते, हे तुम्ही गिऱ्हाइकाले सांगायचे. मले कधी सांगितलं? मले फक्त रंगाची वाटी दिली. समोर बसून, तुमच्या हाताकडं पाहून पाहून शिकली मी. एकदा तरी म्हणायचं होतं ना, सुमे, घे, मार दोन घाव!

पण खरं सांगू? ते खोटं गोड लागे. लोक अजून 'आबाजीचं दुकान' म्हणतात, तं वाटते तुम्ही मागं पडवीतच बसून आहा. अजूनही माझ्या हातून दोन भाकरी थापल्या जातात. दुसरी कुत्रं खाते. ज्या दिवशी मी खरं सांगीन, त्या दिवशी तुम्ही खरोखर जासाल, अन् मंग मी एकटी काय करू?

आज सकाळी हिंगणघाटचे परसराम मिस्त्री आले. तुमचे जुने सोबती. नातवासाठी बैल पायजे होता. त्यायनं बैल उलटा केला, पोटाखालून बोट फिरवलं.

"सुमे, हा आबाचा नाई."

त्यायनं बैल माझ्यापुढं धरला.

"आबा डावखोरा होता. त्याचे घाव उजवीकडं झुकत. हे घाव पाह्य, डावीकडं झुकले. कोणाचा हात आहे हा?"

तुम्ही डावखोरे! इतकी वर्षं समोर बसून पाह्यलं, तुमचा डावा हात माझ्या उजव्यासमोर येई, आरशातल्यासारखा, म्हणून हे माझ्या ध्यानात आलं नाई. सांगायचं होतं तेव्हाच. पण तोंडातून निघालं, "आबाजीचाच आहे, काका."

त्यायनं बैल हळूच खाली ठेवला. "मंग राहू दे, बाई. आबाचा एक आहे माह्या घरी. मले, जो जिता आहे ना, त्याच्या हातचा न्यायचा होता."

अन् रिकाम्या हातानं गेले. मी दारात उभी राहून त्यायची पाठ पाह्यत राह्यली. तीन वर्षांत पहिल्यांदा कोणी माझा हात ओळखला, आबाजी, अन् मीच त्याले नाई म्हटलं. तेव्हापासून रडून राह्यली आहे.

उद्या तान्हा पोळा. सकाळच्या पहिल्या मोटारीनं हिंगणघाटले जाते. तोच बैल घेऊन परसरामकाकाच्या दारात उभी राहीन अन् सांगीन, हा मी केला. मंग त्यायनं घेतला तं घेतला, नाई तं नाई. अन् येत्या सालापासून दारात जो येईल त्याले हेच सांगीन. तुमचं नाव आता पुढं करणार नाई, हे वचन.

तुम्ही मेले, आबाजी. लय दिवस राबवलं तुमाले. आता निजा.

तुमची नात,
सुमित्रा
बैल करणारी