गरम पाणी कोण उडवतंय

१५ जानेवारी, सकाळ
सांगते मी, लिहिते सून हरपा. अक्षरांशी माझं लहानपणापासून जमलं नाही. वहीत स्वतःचं काही घुसडायचं नाही, अशी तिला ताकीद दिली आहे. लिहून झालं की वही माझ्या उशीखाली.
वही धरण्याचं कारण: पोहण्याचा तलाव बंद. आइसलँडभर थंडीचा कडाका पडलाय, जमिनीतून येणारं गरम पाणी घरांना आणि तलावाला, दोन्हींना पुरत नाही, म्हणून घरं आधी, असं रेडिओवर म्हणे. म्हणजे तलावाकाठचं कढत पाण्याचं कुंडही बंद. माझे गुडघे दुखायचे थांबतात ते फक्त त्या कुंडात. उन्नुर, स्काप्ती ही माझी माणसं मला भेटतात तीही तिथेच. कुणीतरी घरात बेफाम पाणी उडवतंय आणि भोगतेय मी.
निश्चय: त्याला शोधायचं.

त्याच दिवशी, दुपार
आधी घरची काटकसर. सुनेने अंघोळ झटपट उरकायची. ताटं गार पाण्याने घासायची. गरम पाणी फिरून खोली तापवणारा तो भिंतीवरचा रेडिएटर, त्याला सोफा चिकटवून घेतला, म्हणजे ऊब खोलीभर हिंडत न बसता थेट पाठीला.
हरपा म्हणाली, आई, तो सोफाच सगळी ऊब गिळतोय, आणि खिडक्या तेवढ्या लावून घ्या. लिहायला बसवली तर शिकवायला लागली. रेडिएटरचा नळ एकदा पूर्ण सोडला की त्याला हात लावायचा नसतो, बिघडतो. उकडलं की खिडकी उघडायची, गारठलं की लोटायची. आइसलँडात घर असंच चालतं.

१७ जानेवारी
संशय स्काप्तीवर. समोरच राहतो. काचा कायम बंद, पडदे ओढलेले. लपवायचं काही नसेल तर पडदे कशाला? फोन करून विचारलं, घरात कितपत गरम आहे रे? म्हणाला, दोन स्वेटर घालून बसलोय बाई. इतकं तयार उत्तर खऱ्या माणसाकडे नसतं.

१८ जानेवारी
कुंड बंदच. जिना उतरताना गुडघे शिव्या देतात, मी स्काप्तीला देते.
गरम पाण्याच्या कंपनीला फोन केला. पोरगी गोड आवाजात म्हणाली, आजी, खिडक्या बंद ठेवा, अंगणातला बर्फ वितळवणारं पाणी बंद करा. मी म्हटलं, हे मला कशाला सांगतेस, आमच्या गल्लीला सांग. अंगणाखालच्या नळ्या मी बंद करणार नाही. पडले तर नवे पाय तू आणून देणार? शिवाय पाणी जमिनीतून आलं, जमिनीखालीच फिरतं, वाया गेलं कुठे?

२० जानेवारी
कुंडातली मंडळी कॉफीला बोलावली. उन्नुरने कोट काढला, मग स्वेटर, मग आतला स्वेटर. स्काप्ती बनियनवर आला. उन्नुर म्हणाली, गेर्दा, तुझ्याकडे कुंडाची आठवणसुद्धा येत नाही गं. चला, माझ्या काटकसरीची कुणाला तरी किंमत आहे.
ठरवलं की सगळ्यांनी मिळून गल्ली फिरायची आणि कुणाच्या खिडक्या उघड्या आहेत ते बघायचं. फिरलो. दारोदार बर्फ, एकूण एक खिडकी बंद. फिरून मंडळी माझ्याच फाटकाशी आली आणि उभी राहिली. माझं अंगण कोरडं ठक्क, त्यातून वाफा निघत होत्या. गल्लीतली सगळी मांजरं तिथे पोट वर करून झोपली होती. चारही खिडक्यांतून माझे पडदे बाहेर फडफडत होते.
मग स्काप्ती म्हणाला, बराय, निघतो.
शोध लागला नाही.

२१ जानेवारी
हरपाने मला न विचारता खिडक्या लावल्या, नळ अर्ध्यावर आणले, सोफा पुढे ओढला, अंगणाचं पाणी तोडलं. तिच्याशी अबोला धरलाय, लिहिण्यापुरतं बोलते. घरात उकडत नाही, गारठतही नाही. त्याने तर जास्तच डोकं फिरतं.

२४ जानेवारी
तलाव उघडला. थंडी ओसरली म्हणून. हरपा पेन थांबवून माझ्याकडे बघत राहिली. म्हटलं, लिही, थंडी ओसरली म्हणून.
कुंडाशी गेले तर आत गप्पा रंगल्या होत्या, मला बघून थांबल्या. स्काप्तीने सरकून जागा केली. म्हणाला, ये गेर्दा, बस. इथे उघडायला खिडकी नाही.
उन्नुर तर नाकातोंडात पाणी जाईपर्यंत हसली. मी तशीच उठून चालती होणार होते. पण गुडघे नुकतेच सैल पडायला लागले होते.
बसून राहिले.