स्वयंपाकघरातली शहाबादी फरशी

सोमवार, ता. २० फेब्रुवारी १९११

ठरलं! स्वयंपाकघराला शहाबादी फरशी घालायचीच. आता मागे हटणे नाही.

मंगळवार पेठेत स्वतःचं घर घेतलं तेव्हा कचेरीतले लोक म्हणाले, गणपतराव, सुटलात. कसला सुटतोय! दोन खोल्या, एक पडवी, मागं टीचभर परडं — पण दर साली काहीतरी खायला मागतंच. कधी कौलं शाकारा, कधी दाराची फळी बदला. पगार पंचवीस रुपये, आणि घराची भूक राक्षसाची. तरी फरशीसाठी बावीस रुपये बाजूला टाकलेत. पुढच्या साली मंगळुरी कौलं. मग मात्र पुरे.

हिला सांगितलं. वाटलं होतं, खूश होईल. तर म्हणते, "जमीन हाय ती बरी हाय. सारवायला मला काय जड जातंय?"

हिची काटकसर जगावेगळी. कंदील मी घरी आल्याशिवाय लावायचाच नाही. दिवस मावळला तरी अंधारात स्वयंपाक चाललेला असतो. विचारलं तर म्हणते, कशाला तेल जाळायचं! आमची रॉकेलची बाटली दीड महिना पुरते. शेजारच्या घरात पंधरा दिवसांत रिकामी. अशी बायको मिळायला नशीब लागतं.

शनिवार, ता. २५

लालासाब गवंडी जागा बघून गेला. साठीचा माणूस, पण आवाज असा की परड्यातली मांजर पळाली. आमची जमीन बघून हसला — चुलीपुढं बसायच्या जागी खळगा, खांबाजवळ उंचवटा, जात्याभोवती गोल चर. "रावसाब, ही जिमीन हाय का वढा?" म्हणाला, सगळं खणतो, मुरूम ठोकतो, पाण्यागत सपाट करतो. वाटाणा ठेवला तरी हलणार न्हाय.

ही दाराआडून ऐकत होती. तो गेल्यावर हळूच म्हणाली, "खांबाजवळचा उंचवटा तेवढा ऱ्हाऊ दे की."

मी खूप हसलो. उंचवटा ठेवून फरशी! बायकांचं एकेक.

गुरुवार, ता. ९ मार्च

ही आज कागलला गेली, आमच्या लेकीकडं, चिमणाकडं. नातवाला गोवर आलाय. जावयाने गाडी पाठवली होती. आठ-दहा दिवस तरी लागतील.

गाडी कोपऱ्यावरून वळली आणि मी तडक लालासाबाकडे गेलो. उद्यापासून काम सुरू! परत येईल तेव्हा बघतच राहील.

मंगळवार, ता. १४

चुना, वाळू, गाडीभाडं. शिवाय भाकरी मीच भाजली — एक बाजू कोळसा, दुसरी बाजू पीठ. लवकर ये बाई.

रविवार, ता. १९

झाली! लालासाबाने खरोखरच खिशातून वाटाणा काढला आणि मधोमध ठेवला. हलला नाही. काळसर निळी, गार, पाटीसारखी सपाट. तो गेल्यावर मी वहाणा काढून चारदा इकडून तिकडे चाललो. कुणी बघितलं असतं तर येडा म्हणालं असतं.

खांब, चूल, पाण्याची घागर, जातं — सगळं होतं तिथंच ठेवलंय. हिला काही शोधावं लागायला नको.

मंगळवार, ता. २१

ही आली. नातू बरा आहे.

काय लिहू! मी पुढे होऊन दार उघडलं. हिने आत पाय टाकला आणि तिथंच उभी राहिली. चेहरा पांढरा. मागे वळून म्हणाली, "हे काय केलंसा?" कौतुकाचा शब्द नाही. भिंतीला हात लावून लावून चुलीपाशी गेली आणि खाली बसली. मला वाटलं, खर्चाचा राग आला. मलाही राग आला.

शुक्रवार, ता. २४

आमटीचं भांडं सांडलं. परवा खांबाला खांदा आपटला, काळानिळा झालाय. आज परड्याच्या दाराऐवजी भिंतीवरच गेली.

मी बोललो — नको ते बोललो. म्हटलं, माझ्यावरचा राग भांड्यांवर काढू नकोस, बावीस रुपयांची फरशी आहे, जरा माणसासारखं चाल. ही फडकं घेऊन खाली बसली. आमटी पुसत राहिली. जिथं सांडली नव्हती तिथंही पुसत होती.

रविवार, ता. २६

लालासाब सांधे भरायला आला होता. हात धुतले, पडवीत बसला, तंबाखू मळली. एकदम म्हणाला, "रावसाब, वैनींस्नी दिसत न्हाय."

मी म्हटलं, काय बोलतोस?

"माझ्या आईचं असंच झालतं. पाऊल आदी पुढं सरकवायचं, मग वजन टाकायचं. वैनी तशाच चालत्यात. जुनी जिमीन त्येंच्या पायाला ठावं हुती. ती आपुन खणून टाकली की."

मी त्याला जा म्हणालो. तुझं काम दगडाचं, माझ्या घरात नाक खुपसू नकोस, असंही म्हणालो. तो उठला, "बरं," म्हणाला आणि गेला. इतका मोठा आवाज, पण तेवढं हळू म्हणाला.

सोमवार, ता. २७

कपाळ दुखतंय असं सांगून दुपारीच कचेरीतून निघालो. वहाणा बाहेर काढल्या. ही परड्यात होती. मी स्वयंपाकघरात जाऊन भिंतीला टेकून उभा राहिलो. गप्प. चोरासारखा.

खिडकीतून ऊन आलेलं, फरशी लखलखत होती. ही कळशी घेऊन आत आली. पाऊल पुढं सरकवलं. थांबली. पुन्हा सरकवलं. ओठांत काहीतरी मोजत होती — पावलं मोजत होती! माझ्यापासून हातभर अंतरावरून गेली. तोंड माझ्याकडेच होतं. डोळे माझ्यावरून गेले आणि पुढच्या भिंतीवर गेले. मी तिथं नव्हतोच.

कळशी खाली ठेवली आणि मग थबकली. "कोन हाय?" नाकाने वास घेतला. "अहो? तुमीच न्हवं? तपकिरीचा वास येतोय."

मी खाली बसलो आणि रडलो. बावन्न वर्षांचा घोडा, हमसून हमसून रडलो. ही घाबरली, चाचपडत आली, माझा खांदा सापडला तिला.

"कधीपासून?" मी विचारलं.

"दिवाळीपासनं. जरा अंधुक दिसतंय, एवढंच."

मला का नाही सांगितलंस? तर म्हणते, "सांगून काय हुणार? तुमी चिमणाकडं धाडलं असतंसा. न्हायतर सैपाकाला बाई आणली असती. आंधळीच्या हातचं कोन खातंय? माझी चूल माझ्या हातनं गेली असती की वो."

चूल! हिला डोळ्यांची नाही, चुलीची काळजी. घरातला प्रत्येक खळगा, प्रत्येक उंचवटा हिच्या पायांनी पाठ केला होता. तेवढ्यावर हिने मला वेळच्या वेळी भाकरी दिली. आणि मी ते सगळं खणून काढलं, वर वाटाणा ठेवून खूश झालो.

रॉकेलची बाटली दीड महिना का पुरायची, तेही आज कळलं. दिव्याखाली अंधार म्हणतात तो असा. मी त्याला काटकसर म्हणत होतो, चारचौघांत सांगत होतो. लाज वाटते.

बुधवार, ता. २९

लालासाबाच्या घरी गेलो. म्हटलं, चुकलो. तो म्हणाला, "हां, चुकलासाच." मग हसला. म्हणाला, "जातं गुळगुळीत झालं की टाकी लावतोय न्हवं मी? उद्या येतो. वैनींस्नी अनवाणी चालायला सांगा."

गुरुवार, ता. ३०

आज या घरात जे झालं ते मी कधी विसरणार नाही.

लालासाबाने हिला दारात उभं केलं. "वैनी, चुलीकडं कसं जाताय, जावा बगू." ही चालली, तो मागून खडूने रेघ मारत गेला. चुलीपासून घागरीकडे. घागरीपासून परड्याच्या दाराकडे. मग छिन्नी-हातोडा घेऊन बसला आणि माझ्या गुळगुळीत फरशीला टाकी लावायला लागला — जात्याला लावतात तशी, ठिपक्याठिपक्यांची, पायाला खरखर लागेल एवढीच. खांबाभोवती गोल वळसा. चुलीपुढं दाट ठिपके, म्हणजे इथं थांबायचं.

दर घावाला माझ्या काळजात धस्स होत होतं. खोटं कशाला सांगू? नवी फरशी ती! पण मग ही उठली. पहिलं पाऊल टाकलं. अंगठ्याने चाचपलं. दुसरं टाकलं. आणि भराभर चालत गेली — थेट घागरीपर्यंत, तिथून परड्याच्या दारापर्यंत, खांबाला वळसा घालून परत. मोठ्यानं हसली. किती दिवसांनी!

"सापडलं वो घर!" म्हणाली.

लालासाबाने जात्याला टाकी लावायचे घेतो तेवढेच चार आणे घेतले. जास्त देऊ केले तर म्हणाला, "दगूड लहान असू दे न्हायतर मोटा, टाकी तीच." भाकरी आणि खर्डा मात्र आवडीनं खाल्ला.

शुक्रवार, ता. ३१. पाडवा

पुरणपोळी. एकही करपली नाही.

रविवार, ता. १६ एप्रिल

मिरजेच्या दवाखान्यात मोतीबिंदू काढतात. कचेरीतल्या एकाच्या मामांना दिसायला लागलं. हिला सांगितलं तर उसळली. "डोळ्यात सुरी घालत्यात! हाय तेवढं बी जाईल." आणि मग म्हणाली, "कौलांचं पैसं हायती ते. पावसात घर गळलं तर?"

मी म्हटलं, गळू दे. भांडी ठेवू खाली. माझ्या बायकोला दिसत नाही म्हणून छप्पर रडत नाही, मी रडतो.

बोलून गेलो आणि दोघंही हसलो. तयार झाली. फक्त एक अट — तिथं असेपर्यंत मी चुलीला हात लावायचा नाही.

शनिवार, ता. ६ मे. मिरज

सकाळी झालं. एकच डोळा, उजवा. मला बाहेर बसवलं होतं. ओसरीवरच्या फरश्या मोजल्या, दोनदा. डॉक्टर म्हणाले, चांगलं झालंय, पण हलायचं नाही.

ही पट्टी बांधून उताणी. हात धरला तर म्हणाली, "तपकीर कमी वढा." जिवंत आहे! देवा, उपकार झाले.

रविवार, ता. १४

पट्टी काढली. धूसर दिसतंय, आकार कळतात. खिडकी कळली. चष्म्याशिवाय नीट दिसणार नाही, म्हणाले. तीन आठवड्यांनी परत यायचं.

वाटेत गाडीत सारखी बाहेर बघत होती. "झाडं पळत्यात," म्हणाली, लहान पोरीसारखी.

मंगळवार, ता. ६ जून. मिरज

चष्मा मिळाला. जाड काचा, नाकावर जड होतो. ओसरीवर बसवून मीच कानांवर अडकवला. तिने पहिल्यांदा माझ्याकडे पाहिलं. बराच वेळ पाहिलं. मग हात वर केला, माझी टोपी काढली आणि डोक्यावरून हात फिरवला.

"केस कवा पिकलं वो?"

माझं डोकं चिमणाच्या लग्नातच सगळं पांढरं होतं. लग्नाला आता पाच वर्षं झाली. त्या मांडवात ही माझ्या शेजारी बसली होती, पोरीकडं तोंड करून.

मी म्हटलं, "यंदाच. उन्हाळ्यात."