दुसऱ्या मजल्याचं ‘पूर्ण’

सोमवार, ३ मार्च

आज बाबांनी मला चारचौघांत ‘मॅडम’ म्हटलं! मीही मग ‘सुपरवायझरसाहेब’ म्हणाले. गवंडी तोंडाला रुमाल लावून हसत होते. नियम बाबांचाच — “घरी तू माझी ठमी. साइटवर तू ऑफिसची माणूस. लाड नाहीत.”

मुख्य कार्यालयानं मला याच साइटवर पाठवावं! माणसं कमी आहेत म्हणे. नवी सिस्टीम सगळ्या सुपरवायझरना शिकवायची आणि महिनाअखेर प्रत्येकाचा अहवाल लिहायचा. ज्यांना जमणार नाही त्यांची बदली गोदामात. म्हणजे एकतीस वर्षं साइटवर उभ्या असलेल्या माणसाचं काय करायचं, हे त्याच्या पोरीनं लिहायचं. छान!

शिकवणी बरी झाली. टॅबवर रोजचं काम भरा, फोटो लावा, काम संपलं की ‘पूर्ण’ दाबा. दाबलं की पुढच्या कामाच्या ठेकेदाराला निरोप आपोआप जातो, कोणाच्या मागे धावायला नको. हे मी अगदी छाती फुगवून सांगितलं. पासवर्ड काय ठेवू विचारलं, तर बाबा म्हणाले, “तुझी जन्मतारीख ठेव. खडूनं लिहून न ठेवता लक्षात राहणारी तेवढी एकच आहे.”

गुरुवार, ६ मार्च

काल दुसऱ्या मजल्याचा स्लॅब ओतला. बाबा दिवसभर उन्हात. आज सकाळी वर सिमेंट-वाळूचे छोटे बांध घालून पाणी साठवलंय, आणि जिन्याजवळच्या खांबावर बाबांनी खडूनं ५ मार्च लिहिलंय. त्यांच्या साइटवर प्रत्येक खांबाला, प्रत्येक स्लॅबला अशी तारीख असते.

मी म्हणाले, “साहेब, आता ‘पूर्ण’ दाबा.”

“कसलं पूर्ण?”

“स्लॅब झाला ना!”

“ओतून झालाय. अजून कच्चं बाळ आहे ते. एकवीस दिवस पाणी पिऊ दे, मग दाबतो.”

कार्यालयाच्या वेळापत्रकात स्लॅबला पाच दिवस दिलेत. बाकीच्या साइटवाले ओतल्याच्या संध्याकाळीच दाबून मोकळे होतात. हे सांगितलं तर बाबा नुसते हसले आणि पाण्याची नळी सरळ करायला गेले.

रविवार, ९ मार्च

बाबा टॅब टॉवेलात गुंडाळून घरी आणतात. आई म्हणाली, “दवाखान्यातून हिला घेऊन आलो तेव्हा हिलासुद्धा एवढं जपून धरलं नव्हतंत.” बाबा म्हणाले, “ही पडली तर रडून सांगायची. हा सांगत नाही.”

दुपारी दोन तास शिकवलं. एका बोटानं टाइप करतात, प्रत्येक अक्षर दाबल्यावर टॅबकडे संशयानं बघतात. शेरा लिहायच्या चौकटीत आधी ‘सप्रेम नमस्कार’ लिहिला! मी पोट धरून हसले. मग वाईट वाटलं. लहानपणी मला पाढे शिकवताना ते एकदाही हसले नव्हते. मी सात साते पंचेचाळीस म्हणायचे तरी.

मंगळवार, ११ मार्च

मुदत उलटूनही ‘पूर्ण’ न दाबलेल्या कामांच्या लाल खुणा नऊ. सगळ्या बाबांच्या.

शुक्रवार, १४ मार्च

सकाळी सगळ्या साइट सांभाळणाऱ्या मोठ्या साहेबांचा फोन. सगळ्या साइट हिरव्या, आमची एकटी लाल. “वडील आहेत म्हणून पाठीशी घालू नका. सोमवारी गोदामाची पहिली यादी काढतोय.” मी म्हणाले, सर, काम मागे नाही, ते फक्त दाबत नाहीत. ते म्हणाले, “दाबता येत नाही, हेच तर म्हणतोय मी.”

बाबांना सांगितलं नाही. काय सांगणार? गोदामात खिळ्यांची खोकी मोजत बसलेले बाबा डोळ्यांसमोर आले.

सहा वाजता साइट ऑफिसात मी एकटीच. माझा टॅब उघडला. त्यांच्या नावानं आत गेले — माझीच जन्मतारीख. नऊच्या नऊ कामांवर ‘पूर्ण’ दाबलं. स्क्रीन हिरवीगार. इतकं हलकं वाटलं! चोरी केल्यासारखंही वाटलं, पण हलकं जास्त.

घरी जेवायला बसलो तर बाबा खोलीतून येईनात. चष्मा शोधत होते म्हणे. आई तीनदा हाका मारून दमली. शेवटी आले. मग स्वतःच्या दुधावरची साय चमच्यानं काढून माझ्या वाटीत घातली. म्हटलं, बाबा, मी काय लहान आहे का? “खा गं,” म्हणाले.

शनिवार, १५ मार्च



साइटवर पोचले तर फाटकात ट्रक आडवा. वर गेले. दुसऱ्या मजल्याच्या स्लॅबखाली, तो कच्चा स्लॅब पेलून धरणाऱ्या टेकूंच्या मधोमध बाबा बादली पालथी घालून बसलेले. समोर फळ्या-टेकूंचा ठेकेदार, म्हणजे सेंट्रिंगवाला, आणि त्याची सहा माणसं, हातात हातोडे. ती टेकू काढायला आली होती! स्लॅबला दहाच दिवस झालेत!

निरोप. ‘पूर्ण’ दाबलं की निरोप आपोआप जातो. मीच शिकवलेलं, आणि लाल रंग पुसायच्या नादात मीच विसरले.

सेंट्रिंगवाला बिचारा गोंधळलेला. मोबाइल पुढे करून म्हणत होता, “साहेब, दुसऱ्या साइटचा निरोप आला तर आम्ही आधी फोन करून विचारतो, खरंच झालंय का. तुमच्याकडचं पूर्ण म्हणजे पूर्णच असतं. म्हणून न विचारता ट्रक आणला.”

बाबा म्हणाले, “तुझं चुकलं नाही. पण एकवीस दिवस होईपर्यंत एकाही टेकूला हात लावायचा नाही. लावायचाच असेल तर मी इथेच बसलोय.”

एकानेही हातोडा उचलला नाही. ट्रक रिकामा परत गेला.

दहा वाजता मोठे साहेब आले. कोणी दाबलं? बाबा म्हणाले, “माझंच बोट लागलं, साहेब. या वयात बोटं जाड होतात.” साहेबांनी तिथेच सांगितलं — पुढच्या सोमवारपासून गोदाम.

आणि मी टॅब छातीशी धरून उभी होते. तोंडातून एक शब्द फुटला नाही. लाज वाटते लिहायला, पण लिहिते. एकही नाही.

घरी आई म्हणाली, “आज पहाटे पाचलाच बाहेर पडले. चहासुद्धा घेतला नाही. झोप येत नव्हती म्हणे.” नशीब आमचं, की आजच त्यांना झोप आली नाही.

रविवार, १६ मार्च

बाबा दिवसभर माझ्या सायकलचं चाक नीट करत बसले. मी ती सायकल चार वर्षांत चालवलेली नाही.

सोमवार, १७ मार्च

सांगितलं! नऊ वाजता साहेबांच्या दारात जाऊन उभी राहिले आणि एका दमात सगळं सांगितलं. त्यांचा विश्वास बसेना. मग त्यांच्या समोरच ‘पूर्ण रद्द करा’ उघडलं. तो अर्ज उघडला की नोंद कोणत्या टॅबवरून झाली ते आपोआप वर येतं. माझा नंबर. ते पुसता येत नाही आणि अर्ज पाठवला की थेट मुख्य कार्यालयात जातो. मी पाठवला. नऊ वेळा.

साहेबांनी नऊच्या नऊ नोंदी एकेक करून पाहिल्या. मग विचारलं, “बाकीच्या साइटवर निरोप गेल्यावर ठेकेदार फोन करून विचारतात, हे खरं?” खरं. “म्हणजे आमचं हिरवं सगळं खोटं?” मी म्हणाले, एक साइट सोडून.

मला ताकीद मिळाली, साइटही काढून घेतली. बाबांचा अहवाल आता दुसरा कोणी लिहील. बाबांची बदली तोवर थांबली. शिवाय यापुढे टेकू काढायचा निरोप नुसत्या ‘पूर्ण’वर जाणार नाही. खांबावरच्या तारखेचा फोटो लागेल. म्हणजे खडू आता सगळ्या साइटवर!

घरी बाबा चिडतील असं वाटलं होतं. “कशाला सांगितलंस?” एवढंच म्हणाले. डोळे भरले होते. माझेही. आई म्हणाली, “आता दोघं मिळून स्लॅबला पाणी घालणार का?”

बुधवार, २६ मार्च

आज एकवीस दिवस. मी मुख्य कार्यालयात सकाळपासून स्क्रीनकडे डोळे लावून.

११.४० — दुसऱ्या मजल्याचा स्लॅब. पूर्ण. फोटोत खांब, खडूची तारीख आणि कोपऱ्यात त्यांचा अंगठा. खाली शेरा: ‘सप्रेम नमस्कार. स्लॅब सुखरूप आहे. मॅडमनी वेळेवर जेवून घ्यावे.’

जागेवरच रडले. शेजारचा म्हणाला, काय झालं? म्हटलं, हिरवं झालं.

सोमवार, ३१ मार्च

अहवाल लागला. बाबा साइटवरच!

संध्याकाळी मी सिस्टीमच्या जुन्या नोंदी बंद करत होते. त्यात हे सापडलं:

शुक्रवार, १४ मार्च. सुपरवायझर. रात्री ८.०६ — ‘पूर्ण रद्द करा’ उघडलं. ८.२९ — न पाठवता बंद केलं.

तेवीस मिनिटं माझ्या टॅबचा नंबर त्यांच्या समोर होता.

चष्मा शोधत नव्हते. त्यानंतर बाहेर आले आणि मला साय वाढली.