श्यामकांत कुरियरचा स्पेशल रेट

१ एप्रिल
प्रॉडक्ट हेडची जागा मलाच मिळणार. ऑफिसात दुसरं आहे कोण? साकीनाक्याचं श्यामकांत कुरियर गिऱ्हाइकांना एसेमेस आमच्या कंपनीमार्फत पाठवतं. त्यांच्याशी घासाघीस करून ठरलेला रेट बिलिंग सॉफ्टवेअरमध्ये टाकायचं काम आमच्या बॉस अनुपमा मॅडमनी मला दिलं. महिन्याच्या पहिल्या लाख एसेमेसना वीस पैसे, त्यापुढच्यांना बारा. पोरखेळ.

२ एप्रिल
काम फत्ते. सॉफ्टवेअर विचारतं, लाख ओलांडल्यावर बारा पैसे फक्त वरच्यांना लावू की सगळ्यांना? सगळ्यांना केलं. बिल एका ओळीत येतं, देखणं दिसतं. शेजारच्या टेबलावरची गंधाली म्हणाली, अरे, वीजबिलासारखं फक्त वरच्यांना हवं ना? या लोकांची झेप वीजबिलापर्यंतच. मॅन्युअल वाचत बसते बिचारी.

श्यामकांतभाऊंना फोनवर समजावलं. तीनदा विचारलं त्यांनी, सगळ्यांना बारा, नक्की ना? मंद माणूस. कधीही मेसेज करा म्हणून माझा नंबर दिला.

१० एप्रिल
उद्यापासून मॅन्युअल वाचायचं.

१४ एप्रिल
नाही वाचलं. ते गंधालीसारख्यांसाठी असतं.

३० एप्रिल, सकाळ
श्यामकांतभाऊंचा मेसेज: शुभ सकाळ.
दुपार. आणखी अकरा हजार, अजून येतच आहेत, सगळे शुभ सकाळ. क्लायंटचा जीव जडलाय माझ्यावर. गंधालीला विचारलं, तुला किती आले? एकही नाही.

२ मे
त्यांचा वापर सत्तर हजारांवरून लाखावर. अख्ख्या ऑफिसला मेल टाकला: सेटिंग माझं एकट्याचं, गंधालीचा विरोध होता.

३१ मे
पुन्हा तेच. फोन तापलाय. नीला म्हणते, ब्लॉक कर त्या माणसाला. बायकोला माझी कधी कदर होती?

३ जून
मीटिंग. वापर वाढला, पण बिल चौदा हजारांवरून बारावर आलं. मॅडमनी श्यामकांतभाऊंना स्पीकरवर घेतलं. ते म्हणाले, मॅडम, धंदा आहे तेवढाच आहे. पण लाख पार केले की सगळेच स्वस्त पडतात, म्हणून कमी पडतील तेवढे सुबोधसाहेबांना पाठवतो. त्यांनीच नंबर दिला.

सेटिंग कोणाचं, हे मॅडमनी विचारलंच नाही. माझा मेल स्क्रीनवर उघडला. गंधाली हसलीसुद्धा नाही, याचा फार राग आला.

३० जून
गंधाली प्रॉडक्ट हेड. सेटिंग तिने दोन मिनिटांत बदललं. तिला नशिबाने मिळालं सगळं.

सकाळपासून फोन हातात धरून बसलोय. शुभ सकाळ एकही नाही. संध्याकाळी एक मेसेज आला. वीजबिलाचा.