विश्रामकाकांच्या माडीचे खांब

बडोदे, १४ सप्टेंबर १९९८

प्रिय ईशानी,

तुझी दोन पत्रं आली, मी उत्तर दिलं नाही. दिल्लीत रुळलीस हे वाचून बरं वाटलं. इथे अकोट्याच्या बाजूला रोज एक नवी इमारत वर येतेय आणि मांडवीमागे रोज एखादं जुनं घर उतरवलं जातंय. आई बरी आहे. मी बरी नाही.

कॉलेजच्या शेवटच्या वर्षी आपण जुन्या शहरातल्या लाकडी घरांची मापं घेऊन नकाशे काढत फिरायचो, तेव्हा विश्रामकाका भेटले नसते तर आपल्याला काय दिसलं असतं गं? पणजोबा गायकवाडी फौजेत, स्वतः गिरणीतून निवृत्त, आणि मांडवीमागच्या त्या घराच्या माडीवर चाळीस वर्षं भाडेकरू. "पोरींनो, राजवाडे सगळेच बघतात. हात लावून बघायचं बडोदं इथं आहे," म्हणत त्यांनी आपल्याला लहेरीपुऱ्यापासून सुरसागरापर्यंत गल्लीन् गल्ली दाखवली. कुठल्या सज्ज्यात गुजराती सुताराचा हात आहे आणि कुठल्या चौकात मराठी मालकाची हौस, हे बोट ठेवून सांगायचे. त्यांची माडी पेलणाऱ्या चार सागवानी खांबांची मापं आपण दोन दिवस घेत होतो. तू शिडीवर, मी खाली वही घेऊन. काका वरून चहाला हाका मारत होते.

कॉलेजनंतर मी अलकापुरीतल्या सजावटकाराकडे लागले, ते तुला माहीत आहे. पुढचं मी तुला कधी सांगितलं नाही. गेल्या वर्षी एका मोठ्या हॉटेलचं काम आलं. त्यांना कोरीव, अस्सल जुने खांब हवे होते. साहेबांनी सगळ्यांना विचारलं, आणि मी आपल्या नकाशांची प्रत काढून त्यांच्या टेबलावर ठेवली. कुणी मागितली नव्हती. मला शाबासकी हवी होती. घरमालक खांब विकायला लगेच तयार झाला.

यंदा मार्चमध्ये मजूर आले. खांबांच्या जागी विटांचे पिलर आणि वर एक लोखंडी गर्डर. देखरेखीला मीच होते. गर्डर आखूड होता, ईशानी. पिलरवर जेमतेम चार बोटं टेकत होता. मी कंत्राटदाराला म्हटलं, तर तो हसला, "बेन, कंई नहीं थाय." काही होणार नाही म्हणे. साहेबांना फोन केला. ते म्हणाले, ट्रक उभा आहे, वेळ घालवू नकोस. तेवढ्यात काका खिडकीतून डोकावले. त्यांना खोली सोडून जायला सांगावं, हे माझ्या ओठांवर आलं होतं. ते म्हणाले, "अवंती, तू आहेस ना इथं? मग मला काळजी नाही." मी मान हलवली आणि खांब ट्रकवर चढवून घेतले.

ऑगस्टमध्ये तीन दिवस पाऊस लागून राहिला. चौथ्या दिवशी दुपारी माडी खाली आली. मी पोचले तेव्हा अग्निशमनवाले काकांना बाहेर काढत होते. अंगावर नुसती माती. मी "काका" म्हणून हाक मारली, पण ते केव्हाच गेले होते. तुला फोनवर मी एवढंच म्हटलं, की पावसानं घर पडलं. तू रडलीस, आणि मी तुझी समजूत काढली. त्या गोष्टीची मला सगळ्यात जास्त लाज वाटते.

काकांची मुलगी संयोगिताताई तरसालीला असते. तिनं घरमालकावर तक्रार केलीय. तो म्हणतो, घर जुनंच होतं, खांब वगैरे कधी नव्हतेच. आमच्या ऑफिसातली प्रत गेल्या आठवड्यात कपाटातून नाहीशी झाली. आता मूळ नकाशे फक्त तुझ्याकडे आहेत. ते रजिस्टर पोस्टानं ताबडतोब पाठव, त्यासाठीच हे पत्र. रविवारी मी तरसालीला जाऊन ताईला सगळं सांगणार आहे. ती दारातूनच हाकलेल, ते बरोबरच होईल. मग पोलिसांत जबाब देईन. नोकरी जाईल, कदाचित मलाही आरोपी करतील. आईला अजून बोलले नाही. नकाशाच्या कोपऱ्यात तुझ्या सहीशेजारी माझी सही आहे. मला वाचवायला म्हणून ती खोडू नकोस.

तुझीच,
अवंती