म्हशीच्या बाजूची भिंत

मुरुम, कार्तिक शुद्ध पंचमी, १९४८

तीर्थरूप शरणप्पा मामांच्या पायी जावई महालिंगप्पाचे शरणार्थ. इकडे मी, दुकान आणि म्हैस तिघंही ठणठणीत आहोत. सोलापूरच्या थंडीत तुमचा गुडघा काय म्हणतो ते कळवावं.

शिमग्यात रझाकारांची धामधूम वाढली तेव्हा तुम्ही महादेवीला माहेरी नेलंत, ते योग्यच केलंत. भादव्यात निजामाचं राज्य गेलं आणि मी तिला न्यायला आलो, तर तुम्ही म्हणालात, "रझाकार गेले, पण गोळ्या कुठं गेल्या? माजघराच्या भिंतीतून गोळी पार जाणार न्हाय असं करा, मगच लेक धाडतो." (आता झाडणार कोण, हे विचारायचं धाडस झालं नाही. तुमच्या मिशा समोर होत्या.)

तर मामा, भिंत झाली! गवंडी सगळे जळकी घरं उभी करण्यात गुंतलेले, म्हणून मीच कंबर कसली. रस्ते बंद होते तेव्हापासून दुकानात पडलेल्या करडईच्या पेंडीच्या ढेपा वाळून दगडासारख्या झाल्या होत्या. गोठा आणि माजघर यांच्यामधली पावसानं वाकलेली भिंत पाडली, तिथं ढेपा दोन हात रुंद रचल्या, वरून शेणमातीचा गिलावा दिला. मग म्हैस बाहेर बांधून रेवणप्पा राखणदारानं गोठ्यातून आपली ठासणीची बंदूक झाडली. (मी माजघरात उभा राहणार होतो, पण नेमकं दुकानात गिऱ्हाईक आल्यासारखं वाटलं.) गोळी आत गेली, पार आली नाही. रेवणप्पा म्हणाला, "मालक, लई निबर हाय. आता तोफच आणा."

तुमची अट पुरी झाली. पत्र घेऊन आलेल्या सिदूबरोबर महादेवीला धाडावं. सोबत पाच शेर तूप आहे, गोड मानून घ्यावं.

ता. क. एका म्हशीचं इतकं तूप कसं, असं तुम्ही विचारालच. गोळीनं गिलाव्याला भोक पडलं, त्यातून म्हशीला पेंडीचा वास लागला. आता माजघरात जेवायला बसलो की ती समोर दिसते. थोडक्यात, डब्यात आहे ती भिंतच. गोळी तेवढी तिनं शिल्लक ठेवली, तीही सोबत धाडली आहे.

ता. क. दुसरा. भिंत पुन्हा रचीन, पण म्हैस फक्त महादेवीचंच ऐकते.

ता. क. तिसरा. तिला वाचून दाखवताना भिंतीचं सगळं गाळलंत तरी चालेल. एवढंच वाचा, की दिवाळीला एकाच पाटाभोवती रांगोळी काढली, आणि मला करमत नाही.